जनरलचे चार आकडे कसे वाचायचे: ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा राज्य चालवायचा आणि लढाया करायचा कम्प्युटर गेम नव्याने सुरू केलेल्या पोरांची आमच्या नागपुरातली तक्रार ठरलेली असते: “काहून हारलो बे मी? माझी फौज तं दुप्पट होती!” स्क्रीनशॉट मागवला की कळतं, दुप्पट फौजेवर जनरलच नेमलेला नाही. किंवा नेमलाय, पण साहेब नदी ओलांडून टेकडीवर चढायला निघालेत आणि समोरचा जनरल त्यांना भारी आहे. मग दुप्पट काय, तिप्पट फौजही पळताना दिसते.

जनरलच्या नावापुढे चार आकडे असतात आणि नवा खेळाडू त्यांची बेरीज करून ‘माझा नऊचा आहे’ म्हणून खूश होतो. ती बेरीज गेम कधीच करत नाही. गेम पाहतो तो फरक: या टप्प्यात, या जमिनीवर, तुमचा जनरल समोरच्यापेक्षा किती पुढे. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

गेम ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो आणि ३ जानेवारी १८२१ ला संपतो. म्हणजे बहामनी, विजयनगर, मराठे, नागपूरकर भोसले, थेट नागपुरातल्या सीताबर्डीच्या लढाईपर्यंत सगळं या काळात बसतं. म्हणून समजावताना इतिहास आपल्याकडचाच घेतो. जनरलचे आकडे मात्र मी हिशेबासाठी धरलेले आहेत, कोणत्याही खऱ्या सेनापतीचे नाहीत.

सुरुवातीला: राजा वेगळा, जनरल वेगळा

राजाला तीन आकडे असतात: प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि मिलिटरी, प्रत्येक ० ते ६. राजाचं मिलिटरी ६ आहे म्हणून फौज जोरात लढेल, असं समजू नका. त्या आकड्याने दर महिन्याला मिळणारे मिलिटरी पॉइंट ठरतात. हिशेब असा: मूळ ३, अधिक राजाचा आकडा, अधिक सल्लागाराची पातळी. राजा ४ चा आणि सल्लागार पहिल्या पातळीचा असेल, तर महिन्याला ८ पॉइंट.

एक जनरल नेमायला ५० मिलिटरी पॉइंट लागतात. म्हणजे वरच्या राजाची सहा महिन्यांची कमाई. आणि याच पॉइंटांतून लष्करी तंत्रज्ञानही घ्यायचं असतं, त्याची मूळ किंमत ६००. बारा जनरल म्हणजे एक तंत्रज्ञान. चांगला जनरल निघेपर्यंत एकामागून एक नेमत सुटणारे खेळाडू वीस वर्षांनी जुन्या शस्त्रांनिशी नव्या शस्त्रांसमोर उभे असतात. दोन वेळा नेमून पाहा, तिसऱ्यांदा हात आवरा.

आता ते चार आकडे

फायर, शॉक, मॅन्युव्हर, सीज. प्रत्येक ० ते ६. खेळणारे एकेका अंकाला ‘पिप’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

फायर म्हणजे लांबून मारा: बंदुका, तोफा. शॉक म्हणजे अंगावर जाऊन भिडणं, घोडदळाचं मुख्य काम. मॅन्युव्हर म्हणजे फौज हलवण्याची हातोटी. दर पिपामागे चालण्याचा वेग ५ टक्के वाढतो, आणि नदीच्या बाबतीत एक मोठा फायदा मिळतो, तो पुढे येईलच. सीज फक्त किल्ल्याला वेढा घातल्यावर कामाला येतो, मैदानातल्या लढाईत त्याचा काही उपयोग नाही.

जनरल नसलेली फौज म्हणजे ०-०-०-०. नव्या माणसाची पहिली दुरुस्ती इथेच: फौजेवर क्लिक करा, वरची जागा रिकामी दिसली तर आधी ती भरा, मग सीमा ओलांडा.

लढाईचा हिशेब

इथे जरा वेळ द्या, कारण बाकी सगळं यातूनच निघतं.

लढाई सुरू झाली की आधी तीन दिवस फायरचा टप्पा, मग तीन दिवस शॉकचा, पुन्हा फायर, पुन्हा शॉक, कोणी एक पळेपर्यंत. प्रत्येक टप्प्याला दोन्ही बाजूंचा फासा पडतो, ० ते ९ मधला एक आकडा. त्या टप्प्यात ज्याच्या जनरलचे पिप जास्त, त्याच्या फाशात दोघांमधला फरक मिळवला जातो. हल्ला करणाऱ्याच्या फाशातून जमिनीची वजाबाकी होते: टेकड्या किंवा जंगल असेल तर १, डोंगर असेल तर २. मध्ये नदी ओलांडून आला असेल तर आणखी १. जहाजातून थेट किनाऱ्यावर उतरून लढत असेल तर २.

उरलेल्या आकड्याला ५ ने गुणायचं आणि १५ मिळवायचे. हा झाला नुकसानीचा पाया. सैनिकांच्या प्रकाराचे स्वतःचे पिपही यात धरतात, आणि नंतर त्यावर तंत्रज्ञान, डिसिप्लिन वगैरे गुणलं जातं. आपण ते बाजूला ठेवू.

समजा तुमचा जनरल फायर २, शॉक ४, मॅन्युव्हर ३, सीज ०. समोरचा फायर ३, शॉक १, मॅन्युव्हर २, सीज २. बेरीज केली तर तुम्ही ९, तो ८. जवळजवळ सारखेच. तुम्ही नदी ओलांडून टेकड्यांच्या प्रांतात त्याच्यावर चालून गेलात, आणि सोयीसाठी धरू की दोघांचेही फासे दर वेळी ५ च पडले.

फायरचा टप्पा. तो तुमच्यापेक्षा १ पिपाने पुढे, म्हणून त्याचा फासा ६. तुमच्या ५ मधून टेकडीचा १ गेला, राहिले ४. नदीचा १ जायला हवा होता, पण गेला नाही: हल्ला करणाऱ्याच्या जनरलचा मॅन्युव्हर समोरच्यापेक्षा जास्त असला की नदीची वजाबाकी माफ होते. तुमचे ३, त्याचे २. त्या एका पिपाने नदी कोरडी केली. पाया काढला तर तुमचा ३५, त्याचा ४५. या टप्प्यात तुम्ही मार खाताय.

शॉकचा टप्पा. तुम्ही ३ पिपांनी पुढे. ५ अधिक ३, वजा टेकडी १, झाले ७. त्याचे ५ तसेच. पाया तुमचा ५०, त्याचा ४०. आता त्याची पाळी.

ही लढाई कोण जिंकणार? आकडे पाहून उत्तर देता येत नाही. ते ठरतं साल कोणतं आहे यावर.

साल पाहून जनरल निवडा

१४४४ मध्ये लांबून मारणारी शस्त्रं जवळजवळ नाहीतच. घोडदळ फायरच्या टप्प्यात काहीच करत नाही, पायदळाचा मारा किरकोळ, आणि तोफा लष्करी तंत्रज्ञान ७ पर्यंत मिळत नाहीत. तेव्हा फायरचा टप्पा कितीही वाईट गेला तरी त्यात फारसं मरत नाही, खरी कापाकापी शॉकमध्ये. वरची लढाई बहामनींच्या काळात झाली तर मी तुमच्यावर पैज लावीन.

तीच लढाई सतराशेच्या पुढे, दोन्हीकडे तोफांच्या रांगा असताना झाली, तर फायरचा टप्पा आधी येतो आणि त्याच तीन दिवसांत तुमची फौज अर्धी खचते. शॉकचे ४ पिप दाखवायला माणसं उरली तर ठीक. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी सकाळी काय केलं होतं, ते ज्यांनी वाचलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. (आणि तोफा एकट्या लढाई जिंकून देत नाहीत, हेही त्याच दिवशी दिसलं.)

म्हणून सुरुवातीच्या शंभर-दीडशे वर्षांत शॉकवाला जनरल ठेवा, नंतर हळूहळू फायरकडे वळा. मधल्या काळात दोन्ही बरे असलेला मिळाला तर देवाचे आभार माना.

जमीन: बर्डीवर उभे राहून पाहा

सीताबर्डी मेट्रो स्टेशनच्या बाजूला किल्ल्याची जी टेकडी दिसते ती बघून कोणाला वाटणार नाही की इथे राज्य गेलं. उंची ती केवढी! पण २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला रेसिडेंट जेंकिन्सकडची इंग्रजांची छोटी तुकडी या जोडटेकडीवर चढून बसली, आणि खालून आप्पासाहेब भोसल्यांची कितीतरी पट मोठी फौज चालून गेली. भोसल्यांकडच्या अरब सैनिकांनी धाकटी टेकडी घेतलीसुद्धा. मग कॅप्टन फिट्झजेराल्डने मूठभर घोडदळ घेऊन खालच्या मैदानात जो धावा केला, तिथून पारडं फिरलं आणि गेलेली टेकडी इंग्रजांनी परत घेतली.

गेमच्या भाषेत हे दोन वेगळे हिशेब झाले. टेकडीमुळे हल्लेखोराच्या फाशातून १ गेला, दर टप्प्याला, लढाई संपेपर्यंत. आणि घोडदळाचा तो धावा म्हणजे शॉकच्या टप्प्यात चांगला जनरल. पहिला फायदा फुकट मिळतो, कोणालाही मिळतो, फक्त आधी जाऊन उभं राहावं लागतं. दुसऱ्याला ५० पॉइंट आणि नशीब लागतं. कमजोर जनरल असलेल्या माणसाने पहिल्याच्या मागे लागावं. टेरेन मॅपमोड (जमिनीचे प्रकार दाखवणारा नकाशा) लावा, आपल्या सीमेजवळचे डोंगर आणि नद्यांमागचे प्रांत शोधा, तिथे थांबा, आणि शत्रूला वर येऊ द्या. संगणक येतो, बऱ्याचदा येतो.

आणि तुमचा मॅन्युव्हर समोरच्यापेक्षा जास्त नसेल तर नदी ओलांडून हल्ला करायच्या आधी दोनदा विचार करा.

मॅन्युव्हरला कमी लेखू नका

नवे खेळाडू मॅन्युव्हरला ‘वाया गेलेले पिप’ म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. नदीचा फायदा वर पाहिलाच. त्याशिवाय ५ टक्के गुणिले ५ पिप म्हणजे २५ टक्के जास्त वेग. शत्रूच्या दोन फौजा एकमेकींना मिळायच्या आत एकीला गाठणं, किंवा आपली हरत चाललेली फौज जागेवर असताना मदत पोचवणं, हे त्या २५ टक्क्यांवर होतं. १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडला बाजीरावांनी निजामाला जे कोंडलं, त्यात मोठी लढाई अशी झालीच नाही. दमछाक, रसद आणि पाणी यांवरच काम झालं आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह. जलद जनरलकडे छोटी, घोडदळ जास्त असलेली फौज द्या, त्याला मुख्य लढाईत गुंतवू नका.

किल्ल्याचा जनरल वेगळा ठेवा

वेढ्याचा हिशेब निराळा. साधारण ३० दिवसांनी एक फेरी, फासा १ ते १४. त्यात तुमच्या जनरलचे सीज पिप मिळवायचे, तोफांचा फायदा मिळवायचा (जास्तीत जास्त ५), आणि किल्ल्याची पातळी वजा करायची. बेरीज २० वर गेली की किल्ला शरण. मधल्या फेऱ्यांत आत रसद तुटली, पाणी तुटलं असे निकाल येतात आणि ते पुढच्या फेऱ्यांत तुमच्या जमेला धरले जातात. फासा १ पडला तर तुमच्याच छावणीत रोगराई.

दुसऱ्या पातळीचा किल्ला, तोफा नाहीत, जनरल सीज ०: पहिल्या फेरीत सगळ्यात चांगला फासा पडला तरी १४ वजा २, म्हणजे १२. वीस कुठे, बारा कुठे. त्याच जागी सीज ३ चा जनरल आणि तोफांचे ३ आले, तर तोच फासा १८. एक बरी फेरी आधी झाली असेल तर किल्ला पडला. सीजचा पिप लढाईत दिसत नाही, पण वर्षभराचा वेढा चार-सहा महिन्यांवर आणतो, आणि तेवढे महिने माणसं मरायची वाचतात.

तोफा भिंतीला भगदाड पाडतात. त्याचाही फायदा फेरीत मिळतो आणि भगदाड पडल्यावर थेट धावा करता येतो. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, नागपूरकर रघूजी दुसऱ्याचा किल्ला, १५ डिसेंबर १८०३ ला असाच पडला. इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी डोंगरातून रस्ता काढत तोफा उत्तरेच्या बाजूला ओढून नेल्या, तटाला भगदाड पाडलं आणि मग आत घुसले. तुम्ही गाविलगड बघितला असेल तर तोफा तिथे ओढणं म्हणजे काय ते कळेल. गेममध्येही धाव्याला पायदळ भरपूर लागतं आणि मरतंही भरपूर, तेव्हा घाई नसेल तर फेऱ्या होऊ द्या.

व्यवहारात करायचं ते असं: सीजवाला जनरल वेढ्यावर बसवा. शत्रूची फौज सोडवायला येताना दिसली की त्याला काढून लढाईवाला नेमा, ती पळाली की पुन्हा सीजवाला. फक्त लढाई सुरू व्हायच्या आधी बदल करा, सुरू झाल्यावर नाही.

चांगले जनरल कुठून येतात

आर्मी ट्रॅडिशनमधून. ० ते १०० चा हा आकडा जितका वर, तितके नव्या जनरलला पिप जास्त मिळण्याची शक्यता. लढाया आणि वेढे केले की तो वाढतो, आणि दर वर्षी मूळ ५ टक्क्यांनी झिजतो. म्हणून मोठं युद्ध संपलं की लगेच जनरल नेमा. वीस वर्षं शांततेत बसून मग नेमलात तर तेच ५० पॉइंट देऊन कच्चा माणूस हाती येईल.

पॉइंट वाचवायचे असतील तर राजालाच फौजेवर पाठवता येतं, त्याला ५० लागत नाहीत. पण तो मरू शकतो. वारस लहान असताना राजाला आघाडीवर पाठवणं म्हणजे निव्वळ जुगार. नावडता राजा असेल तर मात्र अनेकजण मुद्दाम पाठवतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही.

फुकट सांभाळता येणाऱ्या नेत्यांची (जनरल वगैरेंची) सुरुवातीची मर्यादा एक असते. त्यावर प्रत्येक जादा नेत्यामागे महिन्याला एक मिलिटरी पॉइंट जातो. लढाईला एक, वेढ्याला एक, असे दोन मी ठेवतो, एक पॉइंट गेला तरी चालेल. चौथा-पाचवा म्हणजे हौस.

बाकीचे बोनस, थोडक्यात

मोराल म्हणजे फौज किती वेळ टिकेल. डिसिप्लिन म्हणजे ती किती मारेल आणि किती कमी मार खाईल. जनरलचा पिप दोन्हींच्या आधी, फाशातच बसतो, म्हणून तिन्ही एकमेकांना पुरक आहेत, बदली नाहीत. आयडिया (राज्याला फायदे देणारे गट) निवडताना ऑफेन्सिव्ह गट घेतला तर सगळ्या जनरलना फायर १ आणि शॉक १ वाढून मिळतो. कमी ट्रॅडिशनवाल्या छोट्या राज्याला मी हाच गट आधी सुचवेन.

दुसरा गेम खेळत असाल तर

‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या गेमवाल्यांना वाटेल की त्यांच्याकडे पिप नाहीत, गुण आहेत. खरं आहे. तिथे काही गुण जनरल जन्मताच घेऊन येतो, त्यातले काही नुकसानीचेही असतात: जुन्या वळणाचा म्हातारा अधिकारी अनुभव हळू कमावतो. बाकीचे लढून कमवायचे. टेकड्यांत लढत राहिला तर टेकड्यांचा गुण, रणगाडे घेऊन लढला तर रणगाड्यांचा. म्हणून तिथे एका जनरलला एकाच प्रकारचं काम देत राहा आणि त्याच्याखाली २४ पेक्षा जास्त डिव्हिजन लादू नका. कच्चा जनरल दहा ठिकाणी फिरवला तर तो दहाही ठिकाणी कच्चाच राहतो.

पहिल्या सरावासाठी

विजयनगर घ्या आणि बहामनींशी लढा. दोन्ही मोठे आहेत, तोफा नाहीत, त्यामुळे शॉकचा खेळ स्वच्छ दिसतो. मे महिन्याची दुपार, कूलर चालू, बाहेर जायचा प्रश्न नाही, एवढा वेळ पुरतो. पहिली लढाई सुरू झाली की गेम थांबवा आणि लढाईची खिडकी उघडा. मध्ये दोन्ही फासे दिसतील, शेजारी जनरलचे आणि जमिनीचे बोनस. फायरच्या टप्प्यात आकडे कागदावर लिहा, शॉक सुरू झाला की पुन्हा थांबवून लिहा. कोणता आकडा कुठून आला हे ओळखता आलं की पुढच्या लढाईत प्रांतात शिरण्याआधीच हिशेब करा.

आणि एक जनरल राखीव ठेवा. जनरल मरतात: म्हातारपणाने, लढाईत, कधी काहीच कारण नसताना. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दी खानाने वाटाघाटीला बोलावून नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकरांना मारलं, तेव्हा बंगालमधली नागपूरची फौज ऐन मोहिमेत बिनडोक्याची झाली. गेममध्ये अशी सूचना वर छोट्या चौकोनात येऊन जाते, वेगात खेळताना ती सुटते. युद्ध चालू असताना वेग तीनच्या वर नेऊ नका आणि दर वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक फौजेवर एकदा क्लिक करून वरची जागा भरलेली आहे ना, ते पाहा.